झुलालरावांच्या मापाची सायकल

धुळे, ता. १२ मे १९३८

ति. स्व. भाऊंस,
वच्छलाचा कृ. सा. न. वि. वि.

माझी बदली बोरखेडीच्या मुलींच्या शाळेत झाली. सहा जूनला हजर व्हायचे आहे. बोरखेडी धुळ्याहून सात मैल. चार मैल आग्रा रोडची खडी, पुढे तीन मैल गाडीवाट आणि दुतर्फा बाभळी. एकट्या बाईला तिथे खोली द्यायला कोणी तयार नाही, आणि डोळ्यांनी अधू झालेल्या मायला सोडून मी राहणारही नाही. तीनदा उशीर झाला तर जागा दुसऱ्याला जाईल, असे साहेबांनी बजावले आहे.

पुण्याला ट्रेनिंगला असताना सायकल शिकले, ती विद्या आता कामाला येईल. इथल्या दुकानांत बायकांची सायकल नाही, म्हणून तुम्हालाच गळ घालते. दोन वर्षांत साठवलेले पन्नास रुपये मनिऑर्डरने पाठवले आहेत. मधली दांडी नको, कारण मी गोल पातळ नेसते. टायर जाड हवेत, साखळीवर झाकण हवे आणि सीट खाली बसणारी हवी. जुनी असली तरी चालेल. मला शर्यत लावायची नाही, रोज पोचायचे आहे. वहिनी म्हणतात की दुकानात शिरल्यावर तुम्ही सर्वांत चमकणाऱ्या वस्तूपुढे जाऊन उभे राहता. या वेळी तेवढे करू नका.

वहिनींना नमस्कार. धाकटीवरचा लोभ सायकलीबरोबरच पाठवावा.

आपली वच्छला

जळगाव, ता. २७ मे

चि. वच्छला हीस गिरधरचे अनेक आशीर्वाद.

सायकल घेतली आणि चाळीसगावमार्गे रेल्वे पार्सलने रवाना केली. दुकानातली पहिल्या नंबरची, विलायती. टायर बारीक आहेत, हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले आहे, आणि उंचीला तिच्याएवढी दुसरी तिथे नव्हती. तुझ्या पन्नासात माझे पंधरा घातले.

दांडी आहे. त्याचे कारण ऐक. एदलाबादच्या झुलालरावांचे स्थळ तुला ठाऊक आहेच. दिवाळीपर्यंत बोलणी ठरतील, आणि त्यांच्याकडून हुंड्यात सायकल मागितली जाणार हे उघड आहे. मग एका घराने सहा महिन्यांत दोन सायकली कशाला घ्यायच्या? झुलालराव माझ्याहून चार बोटे उंच आहेत, तेवढे माप दुकानदाराला सांगितले. तोवर तू जपून वापर, ओरखडा पडू देऊ नकोस. दांडीची अडचण वाटली तर मायसारखे नऊवारी नेस, म्हणजे काही अडत नाही.

मायला सा. न. भावावर तुझा लोभ आहेच, तो वाढता राहो.

गिरधर

धुळे, ता. ९ जून

ति. स्व. भाऊंस सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून आधी लिहिला, आता राग लिहिते.

सीट खाली जाईल तितकी नेली, तरी माझे पाय पायडलला पोचत नाहीत. सोमवारी शाळेचा पहिला दिवस. तुमचा सल्ला मानून नऊवारी नेसले. चढता आले, पण आग्रा रोडवर कलंडले आणि कोपर सोलले. गाडीवाटेवर मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. उरलेली वाट सायकल हाताने ढकलत, शेतातल्या माणसांच्या नजरा झेलत चालले. पोचले तेव्हा अर्ध्या मुली घरी गेल्या होत्या. बुधवारी पुन्हा तेच. मधला एक दिवस आणि आज पायी जाऊन-येऊन चौदा मैल झाले, ते रोज कसे जमणार? दोन उशीर लागले आहेत, तिसरा लागला की माझी नोकरी गेली.

पैसे माझे, रस्ता माझा, पडणार मी, आणि माप कोणाचे, तर मी एकदाच खाली मान घालून पाहिलेल्या पुरुषाचे. त्यांनी मला पसंत केले की नाही हेही अजून कळवलेले नाही. त्यांच्या तंगड्यांची तुम्हाला एवढी काळजी, आणि बहिणीच्या पायांची नाही? मी काय काय लिहिले होते, त्यातले एक तरी वाचलेत का? दुकानदाराला सांगून ही सायकल बदलून द्यावी.

लोभ मागायची आज इच्छा नाही. मायने मागायला सांगितला म्हणून मागते.

वच्छला

जळगाव, ता. १३ जून

चि. वच्छलास आशीर्वाद.

वडील भावाला तंगड्या वगैरे शब्द लिहायला ट्रेनिंग कॉलेजात शिकवतात, हे मला ठाऊक नव्हते. दुकानदार वापरलेली सायकल परत घेत नाही. शिवाय झुलालरावांच्या वडिलांना मी ती दुकानात नेऊन दाखवली होती आणि त्यांना ती पसंत आहे. शब्द गेला. तेव्हा सायकल पुसून, पोत्यात बांधून परत पाठव आणि राजीनामा दे. लग्नानंतर नोकरी सोडायचीच होती.

रागात असलो तरी आशीर्वाद कमी केलेला नाही.

गिरधर

धुळे, ता. १९ जून

ति. स्व. भाऊंस सा. न. वि. वि.

सायकल पोत्यात बांधली नाही आणि राजीनामाही दिला नाही.

इथे हाशम मिस्त्रींकडे विलायतेला परत गेलेल्या एका डॉक्टरीणबाईंची जुनी सायकल पडून होती. रंग उडालेला, घंटी नाही. पण दांडी नाही आणि टायर जाड. मिस्त्रींनी आधी विचारले की जायचे कुठे, वाट कशी, बरोबर ओझे किती. मग मला शेजारी उभी करून सीट दोनदा खालीवर केली. भाऊ, हे मला विचारणारे ते पहिले. तुमची सायकल त्यांना दिली, ही घेतली. वर जे पैसे आले त्यांतून तुमचे पंधरा रुपये परत पाठवले आहेत.

गेले चार दिवस मी वेळेआधी शाळेत असते. लोक हसतात, हसू देत. तुमचे कार्ड मायला वाचून दाखवले. ती रडेल असे वाटले होते. ती माझ्या बाजूने एवढेच म्हणाली की पोर खरं सांगस. झुलालरावांना त्यांच्या मापाची सायकल त्यांच्या पगारातून घेता येईल, असे कळवावे.

तुमचा लोभ मला हवा आहे, पण नोकरीच्या बदल्यात नको.

वच्छला

जळगाव, ता. ४ जुलै

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही, इतका राग आला. तरी एदलाबादला खरे ते कळवले. तू पडलीस, तुला लागले, नोकरी टिकावी म्हणून तू सायकल बदललीस, सगळे लिहिले.

उत्तर काल आले. ती सायकल गेली असेल तर तशीच दुसरी द्यावी, नवी, आणि त्यांना जो मनस्ताप झाला त्याबद्दल वर एक मनगटी घड्याळ. मी पत्र मोठ्याने वाचत होतो. तुझ्या वहिनीने विचारले की यात वच्छलाबद्दल काय आहे. मी पुन्हा वाचले. पाठपोट पाहिले. कोपर बरे झाले का, एवढेसुद्धा नाही. तुझे नावही नाही. असा संताप आला की उभ्या उभ्या चार वाईट शब्द बोललो. मग लक्षात आले की तेच शब्द मला आधी लागू पडतात.

नकार आजच टपालात टाकला. शुक्रवारी धुळ्याला येतो आणि शनिवारी तुझ्याबरोबर बोरखेडीला येईन. तू सायकलवर पुढे जा, शाळेला उशीर करू नकोस. मी मागून पायी येतो. ते सात मैल मी अजून पाहिलेले नाहीत.

मायला सा. न. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा भाऊ
गिरधर