हनुमंत पैलवान का हरला?

रविवार, १४ एप्रिल १९७४
कामशेतच्या जत्रेत औंढ्याचा हनुमंत पैलवान हरला. वडिवळ्याच्या बाजीरावाकडून! बाजीराव म्हणजे काडीपैलवान. हनुमंत मध्येच ढिला पडला आणि चीत. मला तत्काळ कळलं : कुस्ती आधीच ठरलेली! मेव्हणा सदा मुंबईच्या टेलिव्हिजनमध्ये आहे. (दिवे धरतो. पण आत आहे.) खेळाडूंच्या आयुष्यावर कार्यक्रम करतायत म्हणे. हे प्रकरण मीच उघडकीला आणणार. लोणावळा पोस्टात तिकिटं विकण्यासाठी माझा जन्म नाही.

सोमवार, १५ एप्रिल
सदाला ट्रंककॉल. म्हणाला, "माधवराव, आधी नक्की काय झालं ते शोधा, मग साहेबांशी बोलतो." संकल्प : वेशांतर. आमची सौ. अरुंधती म्हणते, एप्रिलात मफलर गुंडाळलात तर लोकांना गालगुंड वाटेल. तिला या लाइनमधलं कळत नाही.

गुरुवार, १८ एप्रिल
रजा. काळा चष्मा, मफलर. औंढ्यात शिरताच हनुमंताची आई शकुबाई म्हणाली, "पोस्टातलं भाऊ न्हवं का तुमी? गालगुंड झालंया व्हय?" म्हणजे आजार तरी तिला खरा वाटला. वेशांतर निम्मं यशस्वी.
हनुमंताला गोठ्यामागे नेऊन थेट विचारलं, कुणी फितवलं? आधी लाल झाला. मग म्हणाला, बाजीरावाचा हात काखेत गेला आणि गुदगुल्या झाल्या. "भाऊ, कुनाला सांगू नगासा. समदे काखंतच हात घालतील. माजी कुस्ती संपंल." डोळ्यांत पाणी. मी वचन दिलं. पत्रकाराचा शब्द!

शुक्रवार, १९ एप्रिल
गुप्तता कडक पाळली. फक्त अरुंधतीला सांगितलं. आणि पोस्टमास्तरांना, कारण त्यांनी रजेचं कारण विचारलं. सदाला तार केली, तीही सांकेतिक : "पैलवान काख गुदगुल्या कॅमेरा आणा."

रविवार, २१ एप्रिल
बाजारात पोरं एकमेकांच्या काखेत हात घालून "हनुमंत! हनुमंत!" ओरडतायत. कुठून फुटलं? अरुंधतीवर संशय.

रविवार, २८ एप्रिल
टेलिव्हिजनवाले औंढ्याला आले! शकुबाई मला म्हणाली, "जिबंला हाड न्हाई व्हय, भाऊ?" मी तिला पत्रकारिता समजावून सांगितली. ती शेण काढायला गेली.
हनुमंताने कॅमेऱ्यासमोर स्वतःच सांगून टाकलं. "व्हय, हुतात मला गुदगुल्या. आता आय रोज काखंत केरसुनी फिरवती. सवय करतोया." टेलिव्हिजनचे साहेब खूश. म्हणाले, कुस्ती दाखवा. जोड मिळेना. कार्यक्रमाच्या हितासाठी मी पँट दुमडून हौद्यात उतरलो. प्लॅन पक्का होता : सरळ काख. हात घातला. तो हसला नाही. केरसुणीचा परिणाम. नंतर आभाळ दिसलं.

रविवार, १२ मे
खंडाळ्याच्या डॉक्टरांकडे टीव्ही आहे. सगळा पोस्ट स्टाफ तिथे नेला, स्वखर्चाने. हनुमंत झकास बोलला. शकुबाईही. माझा शोध, वेशांतर, काहीच नाही. शेवटी मी दिसलो : पाठ लाल मातीत, पाय वर. निवेदक म्हणाला, "आणि हे पैलवानाचे एक हौशी चाहते." अरुंधतीला हसून ठसका लागला. डॉक्टरांनीच पाणी दिलं.

मंगळवार, १४ मे
हनुमंत पोस्टात आला. वडिवळ्याच्या फडात बाजीरावाला पाडलंय. बाजीरावाने याच्या दोन्ही काखा धरल्या होत्या म्हणे. मी अभिनंदन केलं, मार्गदर्शन माझंच असल्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, "भाऊ, दोन कार्डं द्या. आन कंबर कशी हाय?"
म्हणालो, एकदम फर्स्ट क्लास.
कार्डं खालच्या खणात होती. वाकता येईना. शेवटी त्यानेच आत येऊन काढून घेतली.