मेथीचा वास

बाई,

आज सकाळी आमच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत नव्यानं लागलेल्या मुलीनं दुधाच्या एका कॅनचं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाली, "मॅडम, मेथी." मी जाऊन पाहिलं. मेथीच होती, दुधात भाजीची जुडी बुडवून ठेवावी तशी. मेथीचा भाव पडला की लोक ती म्हशीपुढं टाकतात आणि तिचा वास दुधात उतरतो, हे तुम्हाला सांगायला नको. "रिपोर्टमध्ये काय लिहू?" असं तिनं विचारलं आणि मला तुमचं मुरगूडचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुम्ही होता तेव्हा जे लिहायला हवं होतं ते मी लिहिलं नाही, म्हणून आता बसलेय.

दर रविवारी सकाळी मी तुमच्याकडे इंग्रजीला यायची. तुम्ही फी घ्यायचा नाहीत, म्हणून आई तांब्याभर दूध पाठवायची. एकदा तांब्या सापडेना, तर तिनं लसणाच्या चटणीचा डबा घासून त्यात दूध दिलं. तुमचं जैनांचं घर, लसूण उंबऱ्याच्या आत नाही. झाकण उघडलंत आणि माझं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता हे मोरीत जाणार आणि मीही घरी जाणार. तुम्ही मात्र डबा ओट्यावर ठेवलात आणि शिकवायला सुरुवात केलीत. पदरावरचा हळदीचा डाग दाखवून म्हणालात, "हा स्टेन. कापड चांगलंच आहे, डाग वरचा आहे." मग फडताळातलं काळं पडलेलं चांदीचं फुलपात्र काढलंत. "हे टार्निश. घासलं की आतली चांदी तशीच." चुलीशेजारी नासलेल्या दुधाचं पातेलं होतं, ते स्पॉइल, त्याला आता इलाज नाही. आणि माझा डबा? "याला म्हणायचं टेन्ट. याला शेजाराचा वास लागला, दुधानं काही केलेलं नाही." मी विचारलं, पाणी घातलं असतं तर? तुम्ही गंभीर झालात. "ते अडल्टरेट, भेसळ. त्यात माणसाचा हात असतो. तो शब्द लिहायच्या आधी हात दिसला पाहिजे गं." मग डबा माझ्या हातात परत दिलात. "आईला म्हणावं, चहा करून प्या. मला चालत नाही, तुम्हाला चालतं. दुधाला नावं ठेवू नका." पुढच्या रविवारी तुम्ही मला कोरा स्टीलचा डबा दिलात. तो अजून माझ्याकडं आहे, रोज जेवण त्यातच नेते.

मग मी डेअरीच्या शीतकरण केंद्रावर दूध तपासणीच्या कामाला लागले. तिसऱ्याच आठवड्यात तुमच्या शेजारच्या काकूंचं दूध आलं. दोन म्हशी, नवरा नाही, घर त्या दुधावर. त्यांचं दूध तुमच्याकडंही यायचं. झाकण काढलं तर मेथी. वासाचं दूध त्या वेळेपुरतं परत जायचं, बस. भेसळ निघाली तर सभासदाचं दूध कायमचं बंद. दोन्ही नियम मला पाठ होते. पाण्याची चाचणी मी लावलीच नाही. फॉर्म इंग्रजीत होता, कारणाच्या रकान्यात एक शब्द लिहायचा होता, आणि मी लिहिला अडल्टरेटेड. चार दिवसांनी गावातल्या फळ्यावर खडूनं काकूंचं नाव लागलं आणि पुढं 'भेसळ'.

काकू त्या फॉर्मची प्रत घेऊन तुमच्याकडं आल्या, इंग्रजी वाचणारं तेवढं एकच घर म्हणून. तुम्ही शब्द वाचलात आणि अक्षरही ओळखलंत. तुमच्याच वहीत घोटलेलं अक्षर. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तुम्ही केंद्रावर आलात. घामाघूम, पायाला धूळ, हातात तो कागद. तुम्ही हळू आवाजात विचारता, "हात दिसला होता का गं तुला?" मी मान हलवते, नाही. तुम्ही कागदाची घडी घालता. "मग एक दुरुस्तीचं पत्र लिही. चूक झाली म्हणून लिही. तुझ्या नोकरीला काही होत नाही." मी हो म्हणते. आणि जाता जाता दाराशी थांबून तुम्ही म्हणता, "मीच शिकवायला कमी पडले." बाई, तुम्ही मला दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. त्या मी विसरले असते.

पत्र मी लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत तीन महिने काढले. तेवढ्यात तुम्ही गेलात, आणि मग लिही म्हणणारं कुणी उरलं नाही. काकूंनी त्या वर्षी दोन्ही म्हशी विकल्या.

गेल्या महिन्यात मुरगूडला गेले होते. तुमच्या घराला कुलूप आहे. काकूंनी ओट्यावरून हाक मारली, "आलीस व्हय गं? च्या पिऊनच जा की." त्यांनी पिशवी फोडून पातेल्यात दूध ओतलं. पिशवी आमच्याच डेअरीची होती. गोठ्यात सरपण रचलंय. मी विचारलं नसताना त्याच बोलायला लागल्या. "म्हशीनं मेथी खाल्ली ते खरं हाय. पर पाणी मी कवाच घातलो न्हाय बघ. आमची मोठी सून अजून म्हणती, काय तरी केलं असंल म्हातारीनं. कुणी लिवलं कुणास ठाऊक. तुमच्या बाई सांगायच्या, शिकाऊ माणसाच्या हातनं चुकून झालंय, मुद्दाम कोण कशाला करंल. म्हणून मी बी मनात ठिवलो न्हाय." म्हणजे माझं नाव तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. तो चहा मी कसा प्यायले ते माझं मला माहीत.

आज त्या मुलीला मी टेन्टेड लिहायला लावलं, दूध या वेळेपुरतंच परत पाठवलं, आणि पाठवायच्या आधी चाचणी लावून पाण्याचा थेंब नाही हे तिच्याच डोळ्यांनी बघायला लावलं. तिनं विचारलं, "एवढं कुणी शिकवलं तुम्हाला?" मी तुमचं नाव घेतलं. मला फार बरं वाटलं आणि लगेच स्वतःची शरम वाटली.

हा कागद कुठं टाकायचा? तुमच्या स्टीलच्या डब्यात घडी करून ठेवते. खरं तर तो काकूंपुढं वाचायला हवा. ते धैर्य अजून होत नाही, उगाच शब्द देत नाही. पण तुम्ही जे मनात घेऊन गेलात तेवढं तरी खोडते. बाई, तुम्ही कमी पडला नव्हता. काकूंचं दूध आलं त्या दिवशी सकाळी केंद्राचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, तुम्हा पोरींना वासापलीकडं काही सापडत नाही. मला काहीतरी सापडलेलं दाखवायचं होतं. पहिल्या फॉर्मवर मी टेन्टेड असंच लिहिलं होतं. मग तो फाडला आणि दुसरा घेतला.