थडग्यावरच्या फोटोबाबत

प्रिय मेहुण्या बुदिमिर,

सप्रेम नमस्कार. विनंती विशेष काही नाही. तुझा गुडघा कसा आहे? चौथा मजला आणि बंद लिफ्ट यांच्या कचाट्यातून तो अजून वाचला असेल तर देवाची कृपाच म्हणायची. रक्तदाब, बायको, गच्चीवरची कबुतरं, सगळी खुशाल असावीत. तुझी बहीण देसांकाही तिथे मजेत असेलच. (तिची चौकशी करायला हे पत्र लिहिलेलं नाही. ओघात आली म्हणून केली.) मी ठणठणीत आहे. तू म्हणशील, फोन असताना या म्हाताऱ्याला पत्राची अवदसा कुठून आठवली? तर फोनवर माझी गाडी 'हं'च्या पुढे जात नाही, हे तू पंचेचाळीस वर्षं ऐकत आला आहेस. शिवाय सध्या तुमच्याकडे फोन देसांकाच उचलते आणि मग दोन्हीकडून 'हं' होतं. तिने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. काहीच सांगितलं नसेल तर प्रकरण गंभीर आहे. म्हणून माझी बाजू कागदावर मांडतो.

आपल्याकडे शहाणा माणूस आपलं थडगं हयातीतच उभं करून ठेवतो, ते काम मुलांवर टाकत नाही. (आमच्या लेकीवर, यागोदावर तर मुळीच नाही. ती व्हिएन्नाहून येऊन दगड पसंत करीपर्यंत मी कुठे ताटकळत पडणार?) म्हणून या उन्हाळ्यात आम्ही पाथरवट मिलादिनला काळा दगड सांगितला. दोघांची नावं, जन्माची सालं, पुढे एक रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. वर दोघांचे चेहरे कोरायचे. देसांकाने स्वतःचा गेल्या वर्षीचा, डोक्याला रुमाल बांधलेला फोटो काढून दिला. घोडं अडलं ते माझ्या फोटोवर. मी आजवर फोटोत सापडलो तो एक तर पाठमोरा, नाही तर कुणाच्या तरी डुकराच्या मागे अर्धा. लग्नानंतरचा धड चेहरा दिसणारा एकच फोटो निघाला, सतरा वर्षांपूर्वी देसांकानेच अंगणात काढलेला. हातात लाल मिरची, डोळे भरलेले, नाक वाहतंय. यागोदा व्हिएन्नाला गेली तो दिवस. ते दिवस मिरच्या भाजायचे, आणि त्यांचा धूर कसा असतो ते तुला सांगायला नको, तू स्वतः दरवर्षी रडतोस. तर देसांका म्हणाली, "हाच लावायचा. एवढ्या वर्षांत तू मला या एकाच फोटोत सापडलास." मी 'हं' म्हटलं. तिने दोन्ही फोटो पाकिटात घालून पाकीट माझ्या हाती दिलं. इथपर्यंत माझा काहीही दोष नाही.

आता त्या दिवशी शहरातल्या मिलादिनच्या कारखान्याकडे जाताना बसमध्ये काय झालं ते ऐक. एक शाळकरी मुलगी मला बघून उठली आणि म्हणाली, "बसा आजोबा." मी एकाहत्तर वर्षांचा आहे, हे मला कागदोपत्री मान्य आहे. पण चारचौघांत ते असं जाहीर करायचं काय कारण होतं? मी बसलो नाही. ती पोर पुन्हा बसेना. अकरा किलोमीटर ती सीट रिकामी गेली आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना दांडा धरून उभे. उतरलो तेव्हा माझ्या पोटऱ्या लटपटत होत्या आणि डोक्यात एकच विचार होता, की हा देह गेल्यावर तरी लोकांनी माझ्यासाठी जागेवरून उठू नये. माझ्या खिशात लष्करातला जुना फोटो असतो. वय चोवीस, तिरपी टोपी, मिशी अशी की कर्नलसुद्धा तिच्याकडे बघून बोलायचा. मी पाकिटातला एक फोटो काढला आणि एक घातला. बस, एवढंच केलं.

दगड बसला. आणि मग आला पितरांचा शनिवार. मेणबत्त्या आणि गोड उकडलेले गहू घेऊन अख्खं गाव कबरस्तानात. देसांकाने दगड तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. डावीकडे मी, उजवीकडे ती, आणि खरं सांगायचं तर ती माझी आई दिसत होती. ती काही बोलायच्या आत वरच्या वाडीतली एक अनोळखी म्हातारी आमच्या दगडापाशी थांबली. तिने छातीवर क्रुसाची खूण केली, माझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि डोळ्यांना रुमाल लावून म्हणाली, "काय तरणाताठा पोरगा गेला हो! सीमेवर गेला का?" आणि माझा हात हातात घेऊन, "धीर धरा आजोबा, बापाचं काळीज मी समजू शकते." बुदिमिर, अशा वेळी माणसाने काय करावं? मी जिवंत आहे म्हणून त्या बाईला खोटं पाडावं? मी म्हटलं, "आभारी आहे." स्वतःच्या मरणाचं सांत्वन स्वतः स्वीकारणारा या तालुक्यात मीच पहिला असेन.

देसांका आधी हसली. फाटकापर्यंत हसत होती. घरी आल्यावर तिने विचारलं, फोटो कुणी बदलला? मी सांगितलं, मिलादिनची चूक. (मिलादिन समोरच्याच घरात राहतो आणि खिडकी उघडी होती, हे माझ्या ध्यानात नव्हतं. तो खिडकीतून म्हणाला, "रातोमिर, तुझ्या जिभेला हाड नाही.") मग ती म्हणाली, "त्या पोराशेजारी मी कायमची पडून राहू? तो माझ्याशी दोन वाक्यं बोलून मित्रांकडे पळायचा. मला दुसरा हवाय, मिरचीवाला. त्याची तुला एवढी लाज का वाटते?" मी म्हटलं, धुराने डोळे चुरचुरले होते, तसला फोटो दगडावर कोण कोरतं? तिने विचारलं, "अजून धूरच का?" मी 'हं' म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने तो फोटो पिशवीत घातला आणि तुमच्याकडे येणारी सकाळची बस पकडली. आज त्याला एकोणीस दिवस झाले.

गावातली पुरुषमंडळी माझी काळजी घेतात. स्तामेन न बोलावता आला, न विचारता माझ्या कुऱ्हाडीला धार लावली आणि एक अक्षर न बोलता गेला. आमच्यात याला सांत्वन म्हणतात. दुकानापुढच्या बाकावर आम्ही चौघं रोज बसतो आणि ट्रॅक्टरच्या पंपावर बोलतो. पंप चांगला आहे. काल मी त्यांना विचारणार होतो की बाबांनो, घरात बायको नसली की सूप कुणी ढवळत नाही ते कळतं, पण संध्याकाळी घर असं का वाजतं? पण तेवढ्यात पुन्हा पंपाचा विषय निघाला.

माझ्या परीने मी चूक सुधारायचा प्रयत्न केला, हेही देसांकाला कळायला हरकत नाही. मिलादिनला म्हटलं, या पोराला जरा म्हातारा कर. तो म्हणाला, दगड आहे, कणीक नव्हे. पण मी हट्टाला पेटलो. त्याने दोन्ही गालांवर तीन-तीन रेघा ओढल्या. आता दगडावर टोपी घातलेलं मांजर आहे. वरच्या वाडीतली ती म्हातारी परवा पुन्हा येऊन गेली. तिने या खेपेला मेणबत्ती लावली नाही.

तर असं आहे. तुझ्या बायकोला नमस्कार, कबुतरांना दाणे. गुडघ्याला ऊब दे आणि जिना जपून उतर.

तुझा,
रातोमिर

ता. क. मिलादिन म्हणतो, कोरलेलं सगळं घासून काढता येतं, मात्र नवीन चेहऱ्यासाठी फोटो लागतो. तो मिरचीवाला फोटो देसांकाच्या पिशवीत आहे. बसच्या ड्रायव्हरकडे दिलास तरी चालेल.

ता. क. २. ड्रायव्हर भरवशाचा नाही. फोटो तिनेच आणलेला बरा. बुधवारची बस इथे अकराला येते. मला तंबाखू घ्यायची असतेच, तेव्हा मी थांब्यावर असेन. यापुढे बसमध्ये कुणी मला जागा दिलीच तर बसेन, असंही सांग. आणि मिरच्यांची दोन पोती अंगणात पडून मऊ पडायला लागली आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही.

ता. क. ३. चष्मा लावून तो फोटो नीट बघ. माझ्या मागे चूल दिसते. तिच्यात लाकूडही घातलेलं नाही आणि माझ्या हातातली मिरची भाजलेलीच नाही. यागोदाची बस सुटून दहा मिनिटं झाली होती. त्या दिवशी आम्ही चूल पेटवलीच नव्हती. हे देसांकाला सांगायची गरज नाही, फोटो तिनेच काढला आहे. मी हे लिहून दिलं, एवढं मात्र सांग.