टेगची पिल्लं

प्रिय एम्लिन,

तू खालच्या खोऱ्यात राहायला गेल्यापासून मी तुला एक ओळही लिहिली नाही. इथे मेंढ्या व्यायला लागल्यात, वरच्या कुरणावर बर्फ अजून टिकून आहे. ओवेन लोहाराचे गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे.

त्याच्याच भट्टीपुढे आपला शिकारीचा क्लब सुरू झाला. पाद्रीबुवांनी चॅपलची खोली दिली नाही. शिकारीच्या गप्पा देवाच्या छपराखाली नकोत म्हणाले. पण कोल्ह्यांनी त्यांच्या मेव्हण्याचीही कोकरं नेली होती, म्हणून स्वतः मात्र दाराशी येऊन उभे राहिले. ठरलं असं, की प्रत्येक शेतावर शिकारी कुत्र्यांची दोन-दोन पिल्लं वाढवायची आणि हिवाळ्यात सगळ्यांनी मिळून डोंगरात कोल्ह्यांमागे जायचं. मास्टर, म्हणजे शिकारीचा म्होरक्या, तुला केलं, कारण बाईला मास्टर करायची रीत नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही. ओवेन म्हणाला, "कुत्री नेस्टची, घोडा एम्लिनचा, आणि कोल्हा ज्याला सापडेल त्याचा." सगळ्यात मोठ्यानं तूच हसलास.

बाबांनी मागे ठेवलेली एकटी टेग कुत्री होती. मळकट पांढरी, राठ केसांची, आणि आवाज असा की धुक्यात खिंडीपलीकडून ऐकू यावा. त्या आवाजासाठीच मी तिची वीण जपली. वासावर लागूनही जो गप्प राहील तो नको, मेंढीकडे वळून पाहील तोही नको. ती माजावर आली की तिला गाडीत घालून आपण डोंगर ओलांडून चांगला नर शोधत जायचो. वाटेत तिचं डोकं तुझ्या मांडीवर असायचं. आई गेल्यावर मी तुला वाढवलं आणि तुझ्यामागून त्या पिल्लांना. लोक थट्टा करायचे, की नेस्टला एम्लिन आणि कुत्री यांतला फरक फक्त जेवायच्या वेळी कळतो.

मग लढाईवरून परतलेला तो इंग्रज कॅप्टन थर्लबी आपल्या शिकारीला आला. "ही कुत्री आहेत की मेंढ्या? लोकर कधी कातरता?" म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. तू हसला नाहीस, लाल झालास. मला वाटलं, आपल्या कुत्र्यांसाठी तुला राग आला. तुला लाज वाटली होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर आठवड्याभरात तू म्हणालास, मावशी आजारी आहे, जाऊन ये. मी गेले. मावशी परसात कपडे वाळत घालत होती. मला वाटलं, निरोप चुकला असेल. परत आले तर कुत्र्यांचं आवार धुऊन ठेवलेलं. सूप पिताना तू मान वर न करता म्हणालास, "आपला आणि कॅप्टनचा, दोन्ही क्लब एक होतायत, कॅप्टनचीच कुत्री धावतील. आपली मी बाला गावाच्या पलीकडे रीसला दिली. चांगला माणूस आहे."

"टेगसुद्धा?" मी विचारलं.

"टेगला चुलीजवळ झोपू देईन म्हणालाय."

ते चुलीचं तू कशाला सांगितलंस, एम्लिन? त्या एका वाक्यावर मी तो सबंध हिवाळा काढला.

उन्हाळ्यात मी चालत तिकडे गेले, तिची जुनी गोधडी घेऊन. रीस दारात आला आणि गोंधळून म्हणाला, "बाई, माझ्याकडे एकच कुत्रा आहे, तोही मेंढ्यांमागचा. तुम्हाला कुणी पाठवलं?" त्याच्या बायकोनं मला आत बसवून चहा दिला. परतताना मी भट्टीवर थांबले. ओवेन माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "मला वाटलं तुला ठाऊक आहे. बंदुकीचे आवाज इथपर्यंत आले होते."

आणि आता त्याच ओवेनकडून तुझा निरोप आला. कॅप्टनची कुत्री आपल्या धुक्यात मुकी होतात, त्याला आता टेगचं रक्त हवंय, नेस्टकडे एखादी उरली असेल तर द्यावी. उरली आहे. टेगची लेक सेरेन शेजारच्या अंगहारडच्या शेतावर वाढत होती. कुत्री गोळा करायला तू माणसं पाठवलीस तेव्हा अंगहारडनं ती बटाट्याच्या पोत्यांमागे लपवली आणि मेली म्हणून सांगितलं. सेरेन परवा व्याली. वरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी नवा क्लब काढलाय आणि मास्टर म्हणून मला निवडलंय, रीत असो वा नसो. पिल्लं त्यांची आहेत, तुला एकही मिळणार नाही. पण एवढा नकार ओवेननंही तोंडी आणून दिला असता. मी लिहायला बसले ते एक विचारायला. आपल्या कुत्र्यांना कुठे पुरलंस तेवढं सांग. टेग त्यात कुठे आहे हे आठवत असेल, तर तेही.

बहीण म्हणून तुझीच, ते काही मला बदलता येत नाही,
नेस्ट