डाव्या चाकाची तक्रार

मंगळवार, ४ फेब्रुवारी

माझा पाय म्हणे हलका पडला! कंपनी फव्वाजसाहेबांची, तिन्ही विमानं त्यांची, तेव्हा खरं-खोटंही तेच ठरवणार. सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "जिद्दाला विमान वाळूत उतरलं, कारण ब्रेक दाबताना रनीमचा पाय हलका पडला. बाईमाणूस आहे, चालायचंच." आणि वर हसले!

मी जीव खाऊन दाबत होते. डाव्या चाकाचा ब्रेक लागलाच नाही. उजवा लागला, विमान गर्रकन उजवीकडे फिरलं आणि एक चाक धावपट्टीबाहेर. मागे उमऱ्याच्या यात्रेला निघालेल्या म्हाताऱ्या अल्लाचा धावा करत होत्या, ते अजून कानात आहे.

कॉकपिटमध्ये शेजारच्या सीटवर कॅप्टन मुतसिम होता. त्याने सगळं पाहिलंय. आज मात्र मूग गिळून बसला. का, तर आखातातल्या बड्या कंपनीने त्याला बोलावलंय. मला जिन्यात गाठून म्हणतो, "महिनाभर गप्प बस ना. मी एकदा निघालो की खुशाल बोल." नालायक! त्यांच्याकडे नवी कोरी विमानं, आणि ती उडवायला आमची माणसं. आमच्याकडे काय उरतं? भंगार, आणि मुकाट्याने ते उडवणारे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हँगरमध्ये जाऊन जिर्यिसला धरलं. आमचा मेकॅनिक, मादबा गावचा. आधी टाळत होता.

"ब्रेकचा नवा भाग मागवला तर महिने जातात. साहेब म्हणाले, उभ्या विमानातून काढ. काढला."

उभं विमान म्हणजे आमचं दुसरं. दोन वर्षं उन्हात उभं आहे. ज्याला जे हवं ते त्यातून उपसायचं, ही इथली रीत. पण मी विचारलं, "ते मुळात उभं का केलं होतं?"

जिर्यिस हातातलं फडकं पिळत राहिला. "ब्रेक लागत नव्हता म्हणून."

म्हणजे ज्या भागामुळे एक विमान बंद ठेवलं, तोच काढून दुसऱ्यात घातला! आणि हलका कोण, तर माझा पाय!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सरकारी तपासणी खात्यात लेखी तक्रार देऊन आले. मोठे अधिकारी उठून उभे राहिले. "बहिणी, फार मोठं काम केलंस. चौकशी होईपर्यंत ते विमान जमिनीवरच राहील."

आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

 

दुपारच्या नमाजानंतर दारात गाड्यांची रांग. जाहा आली! म्हणजे लग्नाची मागणी असो की तंटा मिटवणं, काही मागायला टोळीतली बडी माणसं मिळून येतात ती. काळे झगे घातलेले वीसेक पुरुष, पुढे आमच्याच टोळीचे प्रमुख शेख नायिल. आईला वाटलं, माझ्यासाठी मागणी आली. तिने मला स्वयंपाकघरात ढकललं आणि माझे केस सारखे करायला लागली. मी दाराच्या फटीतून ऐकत होते. दिसत होत्या फक्त पाठी.

बाबांनी कॉफी ओतली. शेखनी पेला तोंडाला न लावता समोर खाली ठेवला आणि बाबांना म्हणाले, "अबू सुहैब, आम्ही काही मागायला आलोय. ते मिळेपर्यंत ही कॉफी पिणार नाही."

बाबांना वाटलं, फव्वाजसाहेबांनी माझी माफी मागायला मंडळी पाठवली. छाती फुगवून म्हणाले, "कॉफी प्या. ज्यासाठी आलात ते दिलं!"

न ऐकताच! मोठेपणा असाच असतो ना आमच्याकडे, मागणं ऐकायच्या आत द्यायचं!

सगळे प्यायले. मग शेख म्हणाले, "तुमच्या मुलीने तक्रार मागे घ्यावी."

बाबांनी हातातली कॉफीची सुरई खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "दिलं म्हटलं ना."

मंडळी गेल्यावर मी किंचाळले, "तक्रार माझी, शब्द तुम्ही कसा दिला?" बाबा म्हणाले, "पोरी, आता घशात गेलेली कॉफी परत कशी काढू?" मी पेले मोरीत आदळले. दोन फुटले. बरं झालं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बाबांशी बोलणं बंद. आई दोघांना वेगवेगळं वाढते आणि दोघांवरही चिडते.

रविवार, ९ फेब्रुवारी

खात्यात गेले. म्हटलं, वडिलांनी काहीही सांगू दे, मी तक्रार मागे घेत नाही.

अधिकारी आज उठले नाहीत. "कुठली तक्रार? ती शुक्रवारीच मिटली. मी होतो ना, दाराजवळ बसलो होतो. अबू सुहैबांकडची कॉफी मात्र झकास!"

चौकशी करणारा माझ्याच घरात बसून कॉफी पीत होता!! ज्याची चौकशी करायची त्याच्याच वतीने मागायला आला होता! मी काय बोलले आठवत नाही. शिपायाने बाहेर काढलं. उद्या संध्याकाळी तेच विमान पुन्हा जिद्दाला जाणार, हे खाली उड्डाण-परवानग्यांच्या पाटीवर वाचलं.

घरी येऊन बाबांसमोर सगळं ओकले. ते ऐकत राहिले. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "त्या दिवशी झालं काय होतं, नीट सांग."

सांगितलं. बाबा जेवले नाहीत.

सोमवार, १० फेब्रुवारी

बाबा आज शेखच्या बैठकीत गेले. भाऊ सोबत होता, त्याने सांगितलं. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले, "मी माझा शब्द परत घेतो." आमच्या घराण्यात हे कुणी केलेलं नाही. कुणीतरी ओरडलं, "लाज नाही वाटत?" बाबा म्हणाले, "वाटते. पण संध्याकाळच्या त्या विमानाचा ब्रेक लागत नाही."

फव्वाजसाहेबांनी शुक्रवारच्या कामाबद्दल शेखच्या बायकोला आणि सुनांना उमऱ्यासाठी आजची तिकिटं भेट दिली आहेत. शेख बसल्या जागेवरून उठले आणि सगळ्यांदेखत बाबांना विचारलं, "कुठलं विमान?"