इंजिन सुकदेवचे, स्टिअरिंग इंदिरेचे

मी, उखर्डू झुलाल लोहार, वय सुमारे एकसष्ट, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार अमळनेर, जिल्हा पूर्व खानदेश, कोणाच्या धाकात न येता व कोणाच्या भरीला न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. अंग मात्र थकले आहे, आणि घरातली भांडणे ऐकून कानही.

१. राहते घर पत्नी मंदाबाई हिच्या हयातीत तिचे. तिच्या पश्चात मुलगा सुकदेव व मुलगी इंदिरा यांचे निम्मे-निम्मे.

२. हत्यारे सुकदेवला. मोठा पाना धरणगावच्या माझ्या चुलतभावाने, पुनाने, नेला तो नेलाच. आता त्यालाच राहू द्यावा. मागून मागून मी थकलो.

३. मोटारीवरून घरात तोंडे फिरली आहेत. गाडी जुनी फोर्ड, इंजिन लष्कराच्या लिलावातल्या ट्रकचे. ते अंगाने मोठे, म्हणून स्टिअरिंगची दांडी कापून, सांधा देऊन त्याच्या बगलेतून न्यावी लागली. पेडल नव्याने बसवताना मी इंदिरेला सीटवर बसवून माप घेतले. तिचा डावा पाय लहानपणापासून आखूड. नवऱ्याने त्याच कारणाने टाकली. ती सुईणीचे काम शिकली, पण खेड्यापाड्यांत चालत जाणार कशी? सुकदेव हसला होता, "लंगडीना पाय तरी पोचस का?" मी क्लचचे पेडल चार बोटे अलीकडे आणले. तिने ते तळापर्यंत दाबले आणि म्हणाली, "आबा, पोचना." पाय पोचला होता. उभ्या जन्मात दुसऱ्या कुठल्या कामाने मला एवढे समाधान दिले नाही.

४. सुकदेवला इंजिन काढून पिठाच्या गिरणीला लावायचे आहे. उरलेले भंगार बहिणीला देतो म्हणतो. या वयात वाद घालण्याची ताकद माझ्यात नाही. इंजिन सुकदेवचे. स्टिअरिंग, तिन्ही पेडल आणि बाकीची गाडी इंदिरेची.

५. मात्र काम माझ्या हातचे आहे, म्हणून सांगून ठेवतो. स्टिअरिंगची दांडी सोडवल्याशिवाय ते इंजिन वर निघत नाही, आणि इंदिरेच्या मालाला तिच्या परवानगीवाचून कोणी पाना लावू नये. सुकदेवला इंजिन हवे असेल तेव्हा त्याने बहिणीसमोर उभे राहून मागावे. ती बहुधा गाडी घेऊन बाळंतिणीकडे गेलेली असेल. परत येईपर्यंत थांबावे.

वाचून घेतले, माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

सही : उखर्डू झुलाल लोहार
साक्षीदार : नूर महंमद, वेल्डिंगवाले (दांडीचा सांधा यांनीच जोडला)
साक्षीदार : रतिलाल, शेजारी
मुक्काम अमळनेर, तारीख १४ डिसेंबर १९५८