हैबतरावांचं ताट

३ नोव्हेंबर, रिहे
आज सकाळी अंघोळ करून खंडोबाची तसबीर पिशवीतून काढली, बंगल्यामागच्या खोलीत लावली आणि मगच कामाला हात घातला. मालक दयानंदराव आणि हेमलताताई पुण्याला असतात, सुट्टीला इथं येतात. ताईंना जुन्या नक्षीच्या ताटांचा नाद. दिवाणखान्याची भिंत ताटांनी भरलीय. गुलाब, हंस, जहाजं. मऊ फडक्यानं पुसताना देवघर पुसल्यासारखं वाटलं. आसपासच्या गावांतून अशी ताटं शोधायचं कामही माझंच.

९ नोव्हेंबर
भरे गावात तुळजाबाईंकडे चिनी मातीचं ताट दिसलं. मधे मोर, काठाला निळी वेल. त्यांचे यजमान हैबतराव धरणावर मासे धरायला गेले ते परतलेच नाहीत. जुनी गोष्ट. बाई अजून कुंकू लावतात, दुपारी याच ताटात त्यांना जेवण वाढतात. मी मागितलं तर म्हणाल्या, "मालक जेवाया आलं की इचारते. त्येंचं ताट मी कशी दिऊ?" त्या पाणी आणायला आत गेल्या तशी सून रेश्मा हसली, "मामंजी काय न्हाई म्हणायचं न्हाईत. उचला तुमी." मी ताटातला भात अंगणात सांडला, बदल्यात स्टीलचा नवा डबा ठेवला आणि ताट घेऊन निघालो.

१२ नोव्हेंबर
ताई खूश. ताट भिंतीवर मधोमध लागलं. मी मात्र जेवायला बसलो की अंगणात सांडलेला भात दिसतो. आई म्हणायची, वाढलेल्या ताटावरून वैऱ्यालाही उठवू नये.

१५ नोव्हेंबर
दुपारी खोलीत जेवायला बसलो. समोर फरशी ओली. मांडी घालून माणूस बसेल तेवढीच. गाळाचा वास. पुसली. पुन्हा ओली.

१६ नोव्हेंबर
हात धुऊन आलो तर भात कालवलेला. मी शिवलोही नव्हतो.

१८ नोव्हेंबर
ताईंना न विचारता ताट उतरवलं, भऱ्याला नेलं. तुळजाबाईंचं कपाळ मोकळं. मी पाय धरले. रागावल्या नाहीत. ताट गेल्यापासून मालक जेवायला आले नाहीत, म्हणून कुंकू पुसलं, म्हणाल्या. रेश्मा दाराआड रडत होती. ताट घेईनात. "आता ते तुमच्यात जेवत्यात. पोटभर वाढा."
त्यांना विधवा मी केलं.

२० नोव्हेंबर
हैबतरावांचं दिवसपाणी कधी झालंच नव्हतं. धरणाच्या काठी त्याच ताटात दहीभात वाढला. कावळे झाडावर बसून. तुळजाबाईंना सांभाळीन म्हणालो — शिवेनात. ताट त्यांच्याच घरी राहील म्हणालो — नाही. शेवटी बोलून गेलो, हैबतराव, तुम्हाला शोधून घरी नेईन.
लगेच कावळा उतरला.

२१ नोव्हेंबर
शब्द दिलाय. रेश्माकडे निरोप धाडला, सासूबाईंना सांग, चूल पेटवा, मालकांना घेऊन येतो.
काठावर बसलोय. पाय पाण्यात. ताट वाढून पाण्यावर सोडलं — बुडालं नाही. थोडं पुढे जाऊन थांबलं. कुणीतरी खालून धरल्यासारखं.
खंडोबा —
हात पुढे केला. धरला त्यांनी. गार आहे. चला, म्हणालो. घरी वाट बघतायत.
ओढ उलटी आहे. कमरेपर्यंत पाणी. ताट माझ्यापुढं सरकवलं त्यांनी. म्हणतात, बस. वाढलेल्या ताटावरनं उठायचं न्हाई —